चांगुणेचं लग्न आणि ट्रॅक्टरची बॅटरी

आमच्या घरी कंप्युटर आला तेव्हा त्याला पाहायला जितकी माणसं आली, तितकी माझ्या लग्नालाही आली नव्हती. ही अतिशयोक्ती नव्हे. मी साखरखेर्ड्याच्या शाळेत गणित शिकवतो, अतिशयोक्ती मला चालत नाही. साल नव्वदच्या आसपासचं. गावात टीव्ही मोजके, फोन त्याहून मोजके, आणि कंप्युटर म्हणजे बँकेतल्या लोकांच्या नोकऱ्या खाणारं एखादं जनावर असावं अशी सर्वसाधारण समजूत. माझ्या पुण्याच्या मेहुण्याने स्वतःला नवा घेतला आणि जुना आमच्याकडे धाडला. सोबत एक फ्लॉपी दिली, आणि त्या फ्लॉपीत कुंडली होती.

म्हणजे असं, की मुलाची आणि मुलीची जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की यंत्र दोन्ही पत्रिका मांडायचं, जुळवायचं आणि छत्तीसपैकी किती गुण जुळले ते कागदावर छापून द्यायचं. अठरा आले की पास. मेहुणा हे सगळं मला शिकवत होता, पण शिकली आमची पोरगी चांगुणा. मी शिकलो नाही असं नाही. मला तत्त्व समजलं होतं, फक्त कोणती कळ दाबायची तेवढं लक्षात राहत नव्हतं.

त्याच सुमारास हिवरा आश्रमच्या माणिकचं स्थळ आलं. मुलगा मेहकरला शिक्षक. आईवडील नाहीत, सगळा कारभार निवृत्तीमामांच्या हाती. आमच्या चांगुणेने आधीची दोन स्थळं ‘नाक कसंतरीच हाय’ म्हणून उडवली होती. माणिक येऊन गेल्यावर मात्र ती घरभर गुणगुणत फिरायला लागली. मी मुद्दाम नाकाची चौकशी केली, तर म्हणाली, “नाकाचं काय घेऊन बसले बाबा तुमी.” बापाला यापेक्षा जास्त काय कळायचं असतं? मला मनापासून आनंद झाला. पोरीला पोरगा आवडला होता.

गाडं अडलं गुणांवर. मामांच्या जोश्याने सोळा काढले, आमच्या जोश्याने चोवीस.

“मानूस म्हटला का पक्षपात आलाच,” निवृत्तीमामा म्हणाले. “मास्तर, तुमच्या घरी कांपुटर हाय म्हन्तात. त्याले कोनाचं सोयरं ना सुतक. थो सांगन ते आमाले कबूल. अठरा भरले तं तिथंच सुपारी फोडू, नाई भरले तं रामराम. रविवारी येतो.”

मी म्हटलं, मुलाची जन्मवेळ आधी द्या, म्हणजे तयारी करून ठेवतो. मामांनी साफ नकार दिला. “आदी देल्ली तं तुमी मशीनले शिकवून ठेवसान.”

एका गणिताच्या शिक्षकाला हे ऐकून घ्यावं लागलं. पण मुलीचा बाप असल्यामुळे मी हसलो.

आता साखरखेर्ड्याच्या लाईटबद्दल सांगायला पाहिजे. ती कधी जाईल ते ठरलेलं नसायचं, जाईल एवढं मात्र नक्की असायचं. त्यासाठी मेहुण्याने एक जड काळा डबा दिला होता. त्याला यूपीएस म्हणतात. लाईट गेली की त्याच्या पोटातली बॅटरी कंप्युटरला जगवते आणि डबा ‘टिंव, टिंव’ करून घरच्यांना सांगतो की घाई करा. बॅटरी दमली की तो कंप्युटरला सोडून देतो, आणि स्वतः मात्र जीव जाईपर्यंत टिंव टिंव करत राहतो. आमच्या डब्याची मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मेन स्विच बंद केला. डब्याने एकदा टिंव केलं आणि मान टाकली. पडदा काळा. माझी बायको पुष्पा म्हणाली, “रविवारी असंच झालं म्हंजे?” त्या दिवशी माझं जेवणावरून मन उडालं, आणि शोधमोहीम सुरू झाली.

पहिला मान शेजारच्या उकंडरावांचा. उकंडरावांकडे ट्रॅक्टर आहे, त्यामुळे ज्यात वायर, तेल किंवा आवाज आहे अशा कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं मत शेवटचं मानलं जातं. त्यांनी डब्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “जमिनीवर काऊन ठेवला?”

“मग कुठं ठेवू?”

“जमीन बॅटरी पिऊन घेते, मास्तर. पाट द्या खाली.”

पाट दिला. उकंडरावांनी नंतर तोंड उत्तरेकडे करायला सांगितलं. डब्याचं तोंड कोणतं यावर आमची चर्चा झाली. जिथून वायर निघते ते तोंड असं मी म्हणालो, ती शेपटी असं उकंडराव म्हणाले. शेवटी चांगुणेने डबा भिंतीला टेकवून ठेवला आणि ‘आता आजूबाजूले फिरू नका’ असं दोघांनाही बजावलं.

मग मी विचार केला, रोगापेक्षा रोगाचं मूळ धरावं. रविवारी सकाळी लाईट गेलीच नाही तर बॅटरी हवी कशाला? लाईट ऑफिसात गेलो. साहेब सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली.

“लाईट गेली?” त्यांनी विचारलं.

“नाही. रविवारी जाऊ नये म्हणून आलो.”

“मंग गेल्यावर या. तक्रार झाल्यावर असते. व्हायच्या आदी तिले तक्रार नाई म्हनत.”

मी त्यांना सविस्तर समजावलं. मुलगी, माणिक, मामा, सोळा आणि चोवीस. साहेब ऐकत गेले, हळूहळू खुर्ची पुढे ओढत गेले, आणि मला वाटलं, आता पाझर फुटला. ते म्हणाले, “म्हंजे जन्मवेळ टाकली का सगळं समजते? माह्या पोराचं दहावीचं पाहून द्यान का? तिसऱ्यांदा बसून राह्यला.” मग टेबलापलीकडचा कारकून उठून आला, त्याला बदलीचा योग पाहायचा होता. बाहेर शिडीला टेकलेल्या वायरमनने सांगितलं की त्याच्या सासूच्या पत्रिकेत काय आहे ते कळलं तर बरं होईल. मी सगळ्यांच्या जन्मवेळा घेऊन बाहेर पडलो. रविवारच्या लाईटबद्दल ‘बघू’ एवढंच मिळालं.

राहिला जब्बार. स्टँडवर त्याचं बॅटरीचं दुकान. गाड्यांच्या, ट्रॅक्टरच्या, लाउडस्पीकरच्या बॅटऱ्या तो पाहतो आणि प्रत्येकीबद्दल तो दवाखान्यात असल्यासारखं बोलतो. त्याने आमचा डबा उघडला, आतल्या छोट्या बॅटरीला वायर टेकवून पाहिली आणि टोपी काढली.

“मास्तर, हिची तं कवाचीच मयत झाली.”

“काही इलाज?”

“मयतीले काय इलाज? पन घाबरू नका. डब्याले काय, बारा व्होल्ट पाहिजे. मंग ते कोनाच्या बी पोटातलं असो. ट्रॅक्टरची बॅटरी लावा बाहेरून, वायर मी जोडून देतो. कांपुटर काय, पिठाची गिरनी चालन.”

मी सोबत आलेल्या उकंडरावांकडे पाहिलं. उकंडरावांनी स्टँडकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. नांगरटीचे दिवस होते. पण चांगुणा त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. ते म्हणाले, “देतो. पन रविवारी पुढची खुर्ची माही.”

जब्बारने ट्रॅक्टरची बॅटरी आणली, पाटावर ठेवली, दोन जाड वायरी डब्याला जोडल्या. मी श्वास रोखून मेन स्विच बंद केला. टिंव! पडदा चालू! टिंव, टिंव, आणि पडदा चालूच! चांगुणेने टाळ्या वाजवल्या. उकंडराव म्हणाले, “माही बॅटरी हाय.” मला इतका हर्ष झाला की मी स्विच पुन्हा चालू केला आणि पुन्हा बंद केला, नुसतं पाहायला. तेवढ्यात शाळेतले सहकारी आले, त्यांना दाखवलं. दूधवाला आला, त्याला दाखवलं. संध्याकाळपर्यंत अंगणात रांग लागली, आणि मी दर वेळी मेन स्विचला हात घालून विचारत होतो, “आता लाईट गेली असं समजा. काय होईल सांगा?” लोक म्हणायचे, अंधार होईल. मग मी अंधार करायचो आणि पडदा उजळलेला दाखवायचो. विज्ञानाचा असा प्रसार साखरखेर्ड्यात पूर्वी झाला नसेल. पुष्पा तेवढी म्हणत होती, “अहो, पुरे करा, रविवारसाठी राहू द्या कायी.” पण बायकांना प्रयोगशीलता कळत नाही असं मला तेव्हा वाटलं.

शनिवारी डबा पुन्हा एका टिंवात गप्प झाला.

जब्बार आला. बॅटरीची झाकणं उघडून त्याने आत डोकावलं. “पिऊन टाकली सगळी, मास्तर. चार्जिंगले लावा.” चार्जिंगला लाईट लागते आणि शनिवारी लाईट नव्हती. लाईट नसताना चालावी म्हणून बॅटरी, बॅटरी भरावी म्हणून लाईट. हे समीकरण मी दोन्ही बाजूंनी सोडवून पाहिलं, दोन्हीकडून शून्य येत होतं. संध्याकाळी एकदाची लाईट आली आणि जब्बारने बॅटरी चार्जरला लावली. जाताना म्हणाला, “रात्रभर राहू द्या. सकाळी येतो, मंग हिच्यात पानी टाकू. तहानली हाय बिचारी. पानी मात्र शुद्ध पाहिजे बरं, घोटभर असलं तरी एकदम शुद्ध. मी आनतो माह्या दुकानातून.”

हे वाक्य रविवारसाठी आलेल्या आमच्या मनकर्णा आत्याने स्वयंपाकघरातून ऐकलं.

आत्या बीबी गावची. लोणार तिच्या घरापासून जवळ, आणि तिच्या पिशवीत कायम दोन बाटल्या असतात. एकीत गोमुखाच्या धारेचं पाणी, ते देवासाठी. दुसरीत तळ्याचं खारं पाणी, ते तिच्या पायाच्या खाजेसाठी. सकाळी मी आंघोळीला गेलो, चांगुणा वेणी घालत होती, आणि आत्याच्या मनात आलं की पोरीच्या लग्नाचं काम आहे, तहानलेल्या जिवाला दुकानातलं पाणी कशाला पाजायचं? घरात धारेचं पाणी असताना? तिने बॅटरीला हळदीकुंकू वाहिलं, जब्बारने सैल ठेवलेलं एक झाकण काढलं, नमस्कार केला आणि बाटली ओतली.

बाटली चुकली होती. बरोबर बाटली असती तरी फार फरक पडला नसता, पण धारेचं पाणी निदान गप्प राहिलं असतं. तळ्याचं खारं पाणी आतल्या तेजाबात पडताच बॅटरी फसफसायला लागली. मी टॉवेल गुंडाळून धावत आलो तेव्हा पाटावरून पांढरा फेस उतू जात होता आणि आत्या हात जोडून उभी होती.

“प्रसन्न झाली पाय बाबू,” ती म्हणाली.

मी पोतेरं आणायला गेलो. बोललो असतो तर आत्या आयुष्यभर धरून बसली असती. जब्बारने येऊन बॅटरी कलंडवून तिचं ते एक घर, म्हणजे कप्पा, रिकामं केलं, धुतलं, नवं तेजाब भरलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “सहा घरांतून एक गेलं. पाच हायेत. चालन.”

“किती चालेल?”

“ते अल्ला जाने न तुमची आत्या जाने.”

तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

निवृत्तीमामा आले, पांढरं धोतर, जरीचा फेटा, हातात माणिकची जन्मवेळ लिहिलेली चिठ्ठी. मागे माणिक, मान खाली. उकंडराव आधीच पुढच्या खुर्चीत बसले होते आणि पाहुण्यांना सांगत होते, “बॅटरी माही हाय.” पोहे झाले, चहा झाला. लाईट होती. मी देवाला मनातल्या मनात म्हटलं, अर्धा तास. फक्त अर्धा तास.

चांगुणा कंप्युटरसमोर बसली. स्वतःच्या लग्नाचे गुण स्वतः काढायची वेळ साखरखेर्ड्यात कोण्या पोरीवर आली नव्हती. तिने आपली तारीख टाकली. मामांनी चिठ्ठी उघडून माणिकची सांगितली, एकेक आकडा दोनदा. चांगुणेने कळ दाबली. पडद्यावर इंग्रजीत आलं, थांबा, जुळवणी चालू आहे. मी मामांना अर्थ सांगितला. सगळे पुढे वाकले. जुना कंप्युटर कुरकुर करत विचार करायला लागला.

पंखा थांबला.

लाईट गेली. पडदा अजून उजळलेला होता. मी “घाबरू नका” म्हणेपर्यंत पडद्याने एकदा डोळे मिटले, उघडले, आणि मग कायमचे मिटले. मी पुष्पाकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चांगुणा काळ्या पडद्याकडे पाहत बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते. गेलं स्थळ, मी मनात म्हटलं, माझ्या प्रयोगशीलतेने गेलं.

“टिंव,” डबा म्हणाला.

निवृत्तीमामांनी एकदम हात वर केला. “थांबा. कोनी बोलू नका. थो बोलून राह्यला.”

“टिंव.”

“दोन,” मामा म्हणाले.

मला आधी कळेना. मग कळलं. मामा गुण मोजत होते! मी गणिताचा शिक्षक. माझ्यासमोर कोणी चुकीची बेरीज केली तर मला दाढदुखीसारखं होतं. मी तोंड उघडलं, “मामा, तो आवाज म्हणजे...” आणि पुष्पाने माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की पुढचं वाक्य आजतागायत बाहेर आलेलं नाही.

“टिंव.” “पाच,” मामा. “टिंव.” “सहा.”

आता मात्र खरी गंमत झाली. कारण त्या पाच घरांच्या, आत्याने पाजलेल्या बॅटरीने अठरापर्यंत टिकायला पाहिजे होतं! मी जब्बारकडे पाहिलं. जब्बार बॅटरीपाशी उकिडवा बसला होता, त्याने तिच्या अंगावर हात ठेवला होता आणि त्याचे ओठ हलत होते. उकंडराव खुर्ची सोडून जमिनीवर आले होते. स्वयंपाकघराच्या दारात आत्या माळ ओढत होती. “अकरा,” मामा म्हणाले. “बारा.” चौदानंतर आवाज घोगरा झाला. सोळाला तो नुसताच हुंकारला, पण मामांनी तो धरला, कारण त्यांच्या जोश्यानेही सोळाच सांगितले होते आणि त्यांना तिथपर्यंत खात्री होती. सतरा. मग काहीच नाही. मी वाट पाहिली. माणिकने पहिल्यांदा मान वर केली आणि त्या डब्याकडे असं पाहिलं, की माझं त्या पोरावर प्रेमच बसलं.

“ढकल व माय,” जब्बार बॅटरीला पुटपुटला.

“टिंव!”

“अठरा!” मामा म्हणाले, आणि उकंडरावांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मला ठसका लागला. पास! पोरगी पास झाली!

आणि बॅटरीला काय झालं कुणास ठाऊक. आत्याच्या पाण्याने, जब्बारच्या पुटपुटण्याने की नव्या तेजाबाने, ती ताजीतवानी झाली. टिंव, टिंव, टिंव. वीस. तेवीस. पंचवीस. मामांचा चेहरा प्रत्येक आकड्याला फुलत होता. आम्ही सगळे आता त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजत होतो, मीसुद्धा, लाज सोडून. अठ्ठावीस! एकोणतीस! आणि तिथे मी मोजायचा थांबलो. हे छत्तीसला थांबायचं कसं? सदतीस झालं तर? छत्तीसपैकी एक्केचाळीस गुण जुळलेलं जोडपं मामांना कसं समजावणार होतो मी? डब्याला कुठं थांबायचं ते माहीत नव्हतं. आता तर तो दुपारपर्यंत बोलेल असं दिसत होतं.

चांगुणा उठली. तिने पोह्याच्या रिकाम्या बश्या गोळा केल्या, ताट घेऊन आत निघाली, आणि जाता जाता डब्याच्या बटणापाशी वाकून एक बशी उचलली. तिथे बशी नव्हती. मी पाहत होतो, तिथे बशी नव्हती. खट्ट असा बारीक आवाज झाला.

“एकतीस,” मामा म्हणाले, आणि बोट वर धरून थांबले. डबा गप्प. मामांनी बोट खाली घेतलं. “एकतीस गुन! आमच्या घरान्यात आजवर कोनाचे सव्वीसच्या वर गेले नाई. मास्तर, सुपारी काढा.”

माणिक चांगुणेकडे पाहून हसला. त्यानेही पाहिलं होतं.

सुपारी फुटली, साखर वाटली गेली, उकंडरावांनी ‘बॅटरी माही होती’ असं जीप सुटेपर्यंत सांगितलं. जब्बारने मामांच्या ड्रायव्हरला बॅटरी तपासून देण्याचं वचन दिलं. आत्याने मामांना धारेच्या पाण्याची बाटली भेट दिली, आणि कोणती बाटली आहे ते मी या वेळी स्वतः वास घेऊन पाहिलं. मी इतका खूश होतो की अंगणातल्या अंगणात येरझाऱ्या घालत होतो.

जीप वेशीपर्यंत पोचलीही नसेल, तोच पंखा फिरायला लागला. लाईट आली.

आणि माझ्यातला गणिताचा शिक्षक जागा झाला. स्थळ पक्कं झालं होतं, आता कोणाचं काही बिघडत नव्हतं. मामांची चिठ्ठी टेबलावरच राहिली होती. नुसतं पाहायला काय हरकत आहे? खरे गुण किती? सोळा? चोवीस? मी कंप्युटर चालू केला, चांगुणेने कोणत्या कळा दाबल्या ते आठवत बसलो, आणि मग लक्षात आलं की फ्लॉपी जागेवर नाही. टेबलावर नाही, खणात नाही, पाटाखाली नाही.

चांगुणा मागच्या अंगणात आडापाशी बश्या घासत होती.

“फ्लॉपी कुठं गेली गं?”

“आडात गेली, बाबा.”

“पडली?”

“पडली नाई. टाकली.”

मी आडात वाकून पाहिलं. मेहुण्याची फ्लॉपी! लाईट ऑफिसातल्या साहेबाचा पोरगा, कारकुनाची बदली, वायरमनची सासू, सगळं आडात. “अगं पण काऊन?” मी विचारलं. “आता तं सगळं जुळलं. मी फक्त खरे किती ते पाहणार होतो. कोणाला सांगणार थोडाच होतो?”

चांगुणेने बशी धुऊन पालथी घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, सतरा निघाले असते तं तुमी गप्प राह्यले असते का?”

मी ‘हो’ म्हणणारच होतो. मग मला निवृत्तीमामा दिसले, त्यांचं वर धरलेलं बोट दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची हिवरा आश्रमाची पहिली गाडी धरून त्यांना शांतपणे, व्यवस्थित, सगळं समजावून सांगणारा मी दिसलो.

मी बादली उचलली आणि तिला बश्यांवर पाणी घालून दिलं.